‘तुम्ही फक्त बसा’ म्हणू नका

रमजानचा चाँद दिसला की महाड आणि पोलादपूरच्या मोहल्ल्यांत एक बदल हमखास दिसतो. वर्षभर ओटीवरच्या खुर्चीत बसून असलेली वडीलधारी मंडळी उठून उभी राहतात. एरवी उशिरापर्यंत अंथरुणात असणारे आजोबा सहरीला साऱ्या घराच्या आधी जागे होतात. गुडघे धरून चालणारी दादी इफ्तारच्या ताटांत खजूर मांडते, शेजारी वाटी पाठवते, घरात कुणाचा रोजा आहे नि कुणाचा नाही याचा हिशेब ठेवते. तरावीहच्या सफीत सत्तरी ओलांडलेले नमाजी तासभर उभे असतात. घरचे कौतुकाने म्हणतात, ‘ही रमजानची बरकत!’

ती बरकत आहेच. पण तिच्यामागची कारणे ओळखली, तर ती उरलेल्या अकरा महिन्यांतही सांभाळता येते. कारणे ओळखली नाहीत तर दोन प्रकारे नुकसान होते. काही ज्येष्ठ ईदचा शीरखुर्मा पिऊन पुन्हा त्याच खुर्चीत जाऊन बसतात आणि महिनाभरात कमावलेली ताकद दोन आठवड्यांत गमावतात. काही जण रोज्यांची संख्या पूर्ण करण्याच्या जिद्दीत गोळ्या चुकवतात, चक्कर लपवतात आणि रुग्णालयात पोहोचतात. म्हातारपणी शरीर आणि मन धडधाकट ठेवायचे असेल तर या दोन्ही टोकांपासून दूर राहावे लागते.

आरामाची मोठी किंमत

कोकणातल्या मुस्लिम घरांची घडण गेल्या पन्नास वर्षांत बदलली. मुले कुवेत, कतार, दुबई, सौदीला गेली. त्यांच्या कमाईतून कौलारू घरांच्या जागी स्लॅबची घरे झाली. आईवडिलांनी आयुष्यभर कष्ट उपसले, आता त्यांनी सुखाने बसावे, ही मुलांची इच्छा अगदी खरी असते. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांची गोष्टही वेगळी नाही. फक्त तिथली मुले आखाताऐवजी मुंबईत आहेत. दोन्हीकडे मोठ्या घरात दोनच म्हातारी माणसे आणि रात्री व्हिडिओ कॉलवर एकच वाक्य : ‘तुम्ही काही करू नका, तुम्ही फक्त बसा.’

प्रेमापोटी बोललेले हे वाक्य शरीराला महाग पडते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी स्त्री-पुरुषांना दहा दिवस अंथरुणावर ठेवले गेले. कुणालाही आजार नव्हता, जेवण वेळेवर होते. तरी दहा दिवसांत त्यांच्या पायांतले जवळजवळ एक किलो मांस झडले. तरुणपणी असे नुकसान लवकर भरून येते. साठी-सत्तरीनंतर ते भरून काढायला कित्येक पट वेळ लागतो, कधी कधी ते भरून येतच नाही. मग माणूस खुर्चीतून उठताना हाताचा आधार शोधू लागतो, पुढे भिंतीचा, त्याहीपुढे दुसऱ्या माणसाचा.

मनाचेही तसेच आहे. ज्याला दिवसभरात कुणी काही विचारत नाही, ज्याच्यावाचून कुणाचे काही अडत नाही, त्याचे बोलणे कमी होते. बोलणे कमी झाले की आठवणे कमी होते. रमजानमध्ये हे चक्र थांबते, कारण त्या महिन्यात वडीलधाऱ्यांची घराला गरज असते. सहरीला कुणी उठवायचे, फित्रा किती निघेल, लहानग्याचा पहिला रोजा कसा साजरा करायचा, हे त्यांनाच विचारले जाते.

उठबस : रोज ३४ सजदे

पाच वेळच्या फर्ज नमाजीत १७ रकाती असतात. प्रत्येक रकातीत एक रुकू आणि दोन सजदे. म्हणजे केवळ फर्ज अदा करणारा माणूसही दिवसाकाठी १७ वेळा कमरेत वाकतो आणि ३४ वेळा कपाळ जमिनीला टेकतो. रमजानमध्ये तरावीहच्या २० रकाती धरल्या तर सजद्यांची संख्या आणखी ४० ने वाढते. नमाज ही इबादत आहे, तिला व्यायाम म्हणणे योग्य नाही. पण तिच्यातली उठबस सांध्यांच्या, मांड्यांच्या आणि तोलाच्या कामी येते, हे उघड आहे.

जमिनीवर बसून पुन्हा उभे राहता येणे ही म्हातारपणातली फार मोठी कमाई असते. ब्राझीलमध्ये ५१ ते ८० वयाच्या २,००२ स्त्री-पुरुषांची याच एका हालचालीवर परीक्षा घेतली गेली. जमिनीवर बसायचे आणि उठायचे. प्रत्येक वेळी हाताचा किंवा गुडघ्याचा आधार घेतला की दहापैकी एक गुण कमी. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ज्यांना ० ते ३ गुण मिळाले, त्यांच्यात पुढील वर्षांतल्या मृत्यूचा धोका ८ ते १० गुण मिळवणाऱ्यांपेक्षा पाच पटींहून अधिक होता. उठता न येणे हे स्वतः मृत्यूचे कारण नव्हे. पायांतली ताकद, सांध्यांची लवचीकता आणि शरीराचा तोल या तिन्हींचे ते मोजमाप आहे.

अलीकडे मशिदींत खुर्च्यांची रांग वाढते आहे. ज्याचे गुडघे खरोखरच निकामी झाले आहेत, ज्याचे ऑपरेशन झाले आहे, त्याच्यासाठी ती खुर्ची म्हणजे शरीयतने दिलेली सोय आहे आणि त्यावरून कुणी कुणाला बोल लावू नये. मात्र थोडे दुखते म्हणून, किंवा शेजारचा बसला म्हणून पन्नाशीतच खुर्ची धरली तर ती सुटत नाही. अशा वेळी डॉक्टरांना नेमके विचारावे : ‘मला जमिनीवर बसण्यास मनाई आहे, की फक्त त्रास होतो?’ मनाई असेल तर खुर्ची. केवळ त्रास होत असेल तर मांड्यांचे व्यायाम शिकून घ्यावेत, काही रकाती उभ्याने पढाव्यात, जमेल तितके जमिनीवर बसावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ६५ वर्षांपुढच्या माणसाने आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम गतीची हालचाल करावी, दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम करावेत आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे. दीडशे मिनिटे म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा-अर्धा तास. मशीद घरापासून दहा मिनिटांवर असेल आणि दिवसातून दोनदा पायी जाणे-येणे झाले, तर चालण्याचा हिशेब तिथेच पुरा होतो. पोलादपूरच्या वाडीत राहणाऱ्याला तर चढ-उतार घराच्या दारातच मिळतो. नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून मशिदीत जाण्यापेक्षा, पाय चालत असतील तोवर पायी जावे.

महाडकरांना पायांतल्या ताकदीचे मोल वेगळे सांगायला नको. सावित्री आणि गांधारी या दोन नद्यांच्या काठी वसलेले हे गाव पावसाळ्यात कायम सावध असते. २२ जुलै २०२१ च्या महापुरात शहराचे सखल भाग पाण्याखाली गेले. त्याच दिवशी तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. दरडीपुढे कुणाचेच काही चालत नाही. पण पुराचे पाणी दारात आल्यावर जो म्हातारा स्वतःच्या पायांनी एक जिना चढू शकतो, तो स्वतः वाचतो आणि त्याला उचलायला लागणारे दोन तरुण इतरांच्या मदतीला मोकळे राहतात. मांड्यांतली ताकद अशा रात्री कामाला येते आणि ती आधीच्या महिन्यांत मिळवून ठेवावी लागते.

सवलत नाकारणे ही परहेजगारी नाही

कोकणात ऋतुमानानुसार रोजा साधारण बारा ते साडेचौदा तासांचा असतो. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत साऱ्या ऋतूंतून फिरून येतो. म्हणजे सत्तरीतल्या माणसाने हे पूर्ण चक्र दोनदा पाहिलेले असते. मे महिन्याच्या काहिलीतले रोजेही आणि डिसेंबरच्या थंडीतलेही. ‘तेव्हा उन्हात भात झोडताना रोजे धरले, आता सावलीत बसून का नाही?’ हा त्यांचा सवाल असतो. त्याचे उत्तर एवढेच की शरीर तेव्हाचे नाही.

कुरआनमध्ये सुरह अल-बकराच्या १८४ आणि १८५ व्या आयतींत रोज्याच्या हुकमाबरोबरच आजारी आणि मुसाफिर यांची सवलतही आली आहे. ज्याला रोजा पेलणे अतिशय अवघड आहे त्याच्यासाठी फिदिया, म्हणजे एका गरजूचे जेवण, सांगितले आहे. अल्लाहला बंद्याची सोय हवी आहे, अडचण नको, हा त्या आयतींचा आशय आहे. रोज्याचा हुकूम ज्याने दिला, सवलतही त्यानेच दिली. एक मानायचा आणि दुसरी नाकारायची, हे ताकदीचे लक्षण नाही. फिदियाची रक्कम आणि कुणाला काय लागू होते, हे गावातल्या आलिमांकडून समजून घ्यावे. शरीराला काय झेपेल, हे डॉक्टरांकडून. हे दोन्ही प्रश्न रमजान सुरू होण्याआधी महिनाभर विचारले गेले पाहिजेत.

ज्यांना डॉक्टरांनी रोज्याची मुभा दिली आहे अशा ज्येष्ठांनी आणि त्यांच्या घरच्यांनी काही गोष्टी पाठ करून ठेवाव्यात. मधुमेह असेल तर रक्तातली साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली की रोजा तिथेच सोडावा, असे मधुमेह आणि रमजानविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असेच बहुतेक उलेमांचे मत आहे. त्यामुळे यंत्र कपाटात ठेवून देण्याचे कारण उरत नाही. हातापायांना कंप, दरदरून घाम, बोलण्यात गोंधळ ही साखर उतरल्याची चिन्हे आहेत. वयस्कर माणसात कधी कधी फक्त गोंधळ दिसतो, आणि घरचे समजतात, ‘रोजा लागलाय.’

दुसरी गोष्ट पाण्याची. वय वाढते तशी तहानेची जाणीव बोथट होते. शरीराला पाणी हवे असते, पण घसा ते सांगत नाही. म्हणून इफ्तारपासून सहरीपर्यंत तहान लागो न लागो, थोडे थोडे पाणी पीत राहावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना मोजून पाणी सांगितले आहे, त्यांनी ते मोजमाप मोडू नये. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ती सहरीला घ्यायची की इफ्तारनंतर, हे आपल्या मनाने ठरवू नये. गोळ्यांच्या वेळा बदलायच्या असतील तर त्या डॉक्टरांनीच बदलाव्यात.

ताटात काय असावे

दिवसभराच्या संयमानंतर इफ्तारला भजी, समोसे आणि गोड सरबत यांचा मारा झाला तर पोट आणि साखर दोन्ही बिघडतात. साठीनंतर स्नायू टिकवायचे असतील तर प्रथिने लागतात. निरोगी ज्येष्ठ माणसाला दर किलो वजनामागे रोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने हवीत, असे या विषयातले तज्ज्ञ सांगतात. म्हणजे साठ किलो वजनाच्या माणसाला साठ ते पंच्याहत्तर ग्रॅम. तांदळाची भाकरी आणि चहा या सहरीतून ती मिळत नाहीत. त्यासाठी महागडे डबे विकत आणण्याची गरज नाही. कुळथाचे पिठले, अंडे, ताजी मासळी, दूध, दही, हरभरा, डाळ हे सारे कोकणी स्वयंपाकघरात आहेच. सुकी मासळी चवीला कितीही गोड लागली तरी तिच्यात मीठ फार; रक्तदाब असणाऱ्याने ती बेतानेच खावी. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

इब्न सिना यांनी हजार वर्षांपूर्वी, ‘अल-कानून फित्तिब’ या ग्रंथात वृद्धांच्या दिनचर्येवर स्वतंत्र विवेचन केले आहे. थोडे थोडे खाणे, अंगाला तेल चोळणे, ताकदीच्या बेताने हालचाल, पुरेशी झोप, असा त्यांच्या सल्ल्याचा रोख आहे. इफ्तारला खजूर आणि पाण्याने सुरुवात, मग मगरिबची नमाज, मग बेताचे जेवण, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता त्या सल्ल्याच्या अगदी जवळचा आहे.

मनाचीही हालचाल

युनानी वैद्यकात आरोग्याचे सहा अनिवार्य आधार मानले आहेत. हवा, अन्न-पाणी, शरीराची हालचाल आणि विश्रांती, मनाची हालचाल आणि विश्रांती, झोप आणि जागरण, आणि शरीरात काय राहावे व काय बाहेर पडावे याचा तोल. या यादीत शरीराच्या हालचालीला लागूनच मनाची हालचाल येते. आजचे संशोधनही तिकडेच बोट दाखवते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची १४ टाळता येण्याजोगी कारणे मांडली. त्यांत मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, बैठे जीवन ही अपेक्षित नावे आहेत. पण त्याबरोबरच एकटेपणा, उदासी, ऐकू न येणे आणि उपचार न झालेली अधू दृष्टीही आहे. ही सारी कारणे दूर करता आली तर स्मृतिभ्रंशाची जवळपास ४५ टक्के प्रकरणे टाळता किंवा लांबवता येतील, असा आयोगाचा अंदाज आहे.

ऐकू येत नाही म्हणून अब्बा गप्प बसतात आणि घरचे म्हणतात, ‘वयामुळे विसरभोळे झाले.’ मोतीबिंदू पिकला म्हणून दादीने कुरआन उघडणे सोडले आणि घरचे म्हणतात, ‘आता मन लागत नाही.’ कानाची आणि डोळ्यांची तपासणी करून यंत्र किंवा चष्मा मिळाला तर यातली अनेक माणसे पुन्हा बोलू-वाचू लागतात. ईदला नवे कपडे घेण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांचा चष्मा बदलून द्यावा, हा सौदा सगळ्यांत फायद्याचा.

कोकणी मुसलमानाकडे आणखी एक दौलत आहे, तिची त्याला फारशी जाणीव नसते. घरात कोकणी बोली, बाजारात आणि कचेरीत मराठी, मदरशात उर्दू, प्रवासात हिंदी, तिलावतीला अरबी. हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा अभ्यास केला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले की एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांना हा आजार एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा जडला. हा फरक निरक्षर रुग्णांतही आढळला, म्हणजे तो केवळ शिक्षणाचा नव्हता.

तेव्हा भाषा वापरात ठेवाव्यात. मराठी किंवा इंग्रजी शाळेत जाणाऱ्या नातवाला आजोबांनी उर्दू हरफ शिकवावेत आणि नातवाने आजोबांना मराठी वृत्तपत्र वाचून दाखवायला लावावे. रमजानमध्ये एखादी न येणारी छोटी सुरह नव्याने पाठ करावी, तिचा अर्थ समजून घ्यावा. येणारे पुन्हा म्हणणे चांगलेच. पण न येणारे शिकताना मेंदूला जास्त कष्ट पडतात आणि ते कष्टच हवे असतात.

याच मातीतली दोन माणसे

उतारवयात काम करत राहिलेल्यांची उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही. रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावी १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामणराव देशमुख यांचा जन्म झाला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री म्हणून सारे त्यांना ओळखतात. पण साठीनंतर ते थांबले नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद सांभाळल्यावर १९६२ ते १९६७ या काळात ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९६९ साली वयाच्या ७३ व्या वर्षी त्यांनी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली, ते हरले. त्यानंतर १९७४ साली, ७८ व्या वर्षी, त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. संस्कृत आणि बागकाम हे त्यांचे आयुष्यभराचे छंद. एक मनाला खाद्य देणारा, दुसरा हाताला माती लावणारा. १९८२ साली, ८६ व्या वर्षी, त्यांचे हैदराबादला निधन झाले.

दुसरे नाव महाडच्या प्रत्येक घरात माहीत आहे. जालना जिल्ह्यातून आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसे हकनाक मरत होती. प्राझोसिन हे औषध त्यावर कसे चालते हे त्यांनी दाखवून दिले आणि त्यामुळे मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. त्यांचे विंचूदंशावरचे काम तरुणपणीच जगभर पोहोचले होते. तरी २०११ साली, साठीच्या उंबरठ्यावर, त्यांनी त्याच विषयावर नव्याने चाचणी करून ती ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

सगळेच कुलगुरू किंवा संशोधक होऊ शकत नाहीत. या दोघांकडून घ्यायचे ते एवढेच की त्यांनी उतारवयात कामाचा डोंगर नव्हे, तर स्वतःचा एक प्रश्न सोबत ठेवला. मशिदीच्या हौदाची देखभाल, मोहल्ल्यातल्या मुलांचा नाजरा, परसातली दहा रोपे, गावाच्या जुन्या घराण्यांची वंशावळ लिहून ठेवणे, यातले काहीही त्यासाठी पुरते. सकाळी उठल्यावर ‘आज हे करायचे आहे’ असे वाटायला हवे.

दादी-नानींचा वाटा

या चर्चेत घरातल्या म्हाताऱ्या बायका बहुधा मागे राहतात. पुरुषाला मशीद आहे, पाच वेळा बाहेर पडण्याचे कारण आहे, नमाजीनंतर दोन शब्द बोलायला सोबती आहेत. दादी-नानींकडे यातले फारसे नसते. पूर्वी विहीर, शेत, जाते, उखळ यांनी त्यांचे अंग राबत होते आणि पाणवठ्यावर गप्पाही होत होत्या. आज नळ, गॅस आणि मिक्सर आले, हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर हालचाल गेली आणि सोबतही गेली. रमजानमध्ये तर उलटे घडते : दुपारभर चुलीपुढे उभे राहून त्या सगळ्यांचा इफ्तार करतात आणि स्वतः मात्र उरलेसुरले खातात.

त्यांच्यासाठी दोन गोष्टी सहज करता येतील. तळणाची जबाबदारी मुला-सुनांनी वाटून घ्यावी आणि त्या अर्ध्या तासात दादीला शेजारच्या मैत्रिणीबरोबर मोहल्ल्यात फेरी मारू द्यावी. आठवड्यातून एकदा बायकांची कुरआनखानी आळीपाळीने वेगवेगळ्या घरी भरवावी. त्यानिमित्ताने चालणे, वाचणे आणि बोलणे तिन्ही होतात. हा परिपाठ रमजाननंतरही मोडू नये.

पडू नये म्हणून

सारी मेहनत एका घसरण्याने वाया जाऊ शकते. खुब्याचे हाड मोडले की अनेक ज्येष्ठ पुन्हा पूर्वीसारखे चालत नाहीत. आखाताच्या पैशातून बसवलेली गुळगुळीत फरशी ओली झाली की शेणाच्या जमिनीपेक्षा किती तरी धोक्याची होते. वुजू करताना एका पायावर उभे राहून दुसरा पाय बेसिनमध्ये उचलण्याची सवय कित्येकांना असते. ती सोडून बसून वुजू करावा. न्हाणीघरात आणि संडासात भिंतीला पकडायला दांडा बसवून घ्यावा. सहरीला उठल्यावर लगेच उभे न राहता क्षणभर पलंगाच्या कडेला बसावे, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर. फजर आणि तरावीहला जाता-येता हातात विजेरी आणि पायात बंद चप्पल-बूट असावेत. विंचवा-सापांचा हा मुलूख आहे, हे विसरून चालणार नाही.

ईदच्या दुसऱ्या दिवशी

रमजानचा खरा हिशेब ईदच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो. त्या दिवशीही आजोबांनी फजरला पायी जावे. दादीने शेजारी वाटी पाठवावी, आणि ती सुनेने नाही, तिनेच नेऊन द्यावी. नातवाचा उर्दूचा धडा चालू राहावा. गावाबाहेरच्या मुलांनी फोनवर ‘तुम्ही फक्त बसा’ म्हणण्याऐवजी विचारावे, ‘आज कुठवर चाललात? आज कुणाला भेटलात?’ आणि घरातला एखादा निर्णय, मग तो परसात काय लावायचे एवढाच का असेना, त्यांच्यावर सोपवावा.

सरकारी सोयीही वापराव्यात. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकासाठी, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेतून वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण खुले झाले आहे. त्याचे ‘वय वंदना’ कार्ड आधार कार्डावर निघते. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे आणि मनाचा त्रास असेल तर १४४१६. मोहल्ल्यातल्या शिकलेल्या पोरांनी या रमजानमध्ये आपल्या गल्लीतल्या प्रत्येक सत्तरीपुढच्या माणसाचे कार्ड काढून दिले, तर त्याचे सवाब वेगळे सांगायला नकोत.